धुऱ्यावर राहिलेला साग

माझ्या नव्या घराच्या चौकटी माझ्याच शेतातल्या सागाच्या आहेत. त्यासाठी ज्या माणसाचे आभार मानायला हवेत, त्याच्यावर माझा राग मात्र अजून आहे.

तो माझा धुरेकरी. त्याच्या आणि माझ्या शेतामध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. कळंबच्या बाजारात शेळ्या-बैलांचे सौदे करत करत मी हे शेत घेतलं. वाडवडिलांचं काही नव्हतं. घेतलं त्याच वर्षी माझ्या बाजूनं धुऱ्याला लागून साग लावले. आत कपाशी आणि तूर, कोपऱ्यात गोठा. गुरं सागाच्या पानाला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून सागच निवडला. गळलेली पानं गुरांखाली अंथरायची आणि शेणासकट पुन्हा शेतात टाकायची.

झाडं उंच झाली तशी धुरेकऱ्याची कुरकुर सुरू झाली. सावलीनं त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खुंटते म्हणे. एकदा मी बैल आणायला वणीला गेलो, तर यानं आपल्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. परत आल्यावर मी असा भांडलो, की आजूबाजूच्या शेतातले लोक कामं टाकून आले. तेव्हापासून बोलणं बंद.

घर बांधायला काढलं तेव्हा झाडं तोडायच्या परवानगीचा अर्ज केला. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "झाडं धुऱ्यावर आहेत. शेजाऱ्याला विचारावं लागेल."

त्यानं 'अर्धी माही' म्हटलं असतं, तर मोजणीच्या फेऱ्यांत माझं घर बिनदाराचं राहिलं असतं. त्याला कितीवर आणायचं, याचा हिशेब मी मनात मांडायला लागलो.

तो वखर सोडून आला.

"झाडं कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"याचीच. दुसऱ्या कोणाची असन? खड्डेबी यानंच खंदले, माह्या डोयादेखत."

"तुमचा काही हक्क?"

"मले फांदीचाबी हक्क नाही म्हणते हा. झाडाचा कुठून आला?"

साहेब हसले. मी नाही हसलो. ते गेल्यावर त्याच्या मागं गेलो. फुकट मिळालेलं मला पचत नाही.

"काय पायजे ते बोल. तुहे उपकार नको मले."

"सौद्याबिगर तुले घास उतरत नाही काय बे?" मग त्यानं टोकाच्या झाडाकडं हात केला. "तो ठेव. दुपारी माहे बैल तिथंच बसतेत."

"सावलीनं नुकसान होते न तुहं?"

"पऱ्हाटीचं होते. बैलाचं नाही होत."

तो सगळ्यांत जाड साग. मोठ्या दारासाठी मी तोच धरून ठेवला होता. "दुसरा माग," मी म्हणालो.

"दुसरा नको."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या पहिल्या बोलीवर मी मान डोलावली. मोठं दार शेवटी जोडफळ्यांचं झालं. सुतार हळहळला, त्याला मी गप्प केलं.

फांद्यांचं मी विसरलेलो नाही. पण वास्तूच्या जेवणाचं सांगायला त्याच्या घरी स्वतः गेलो आणि पंगतीत पहिलं पान त्याचं मांडलं. पोटभर जेवून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "वरण पातळ केलं रे. अथीबी घासाघीसच केली काय?"

मी ऐकून घेतलं, आणि त्याला आणखी वाढायला सांगितलं.