गाठी बोटीवर चढेपर्यंत

अडतीवर बसलं की कपड्यांना कापूस चिकटतो आणि जिभेला किस्से. झटकले तरी जात नाहीत! माझे सगळे शेजारच्या शिवलिंगप्पाचे. आम्ही दोघंही माजलगावचे कापूस-व्यापारी, आणि त्याचं चांगलं झालेलं मला कधी सोसलं नाही.

*

आमचा जुना सौदा सोपा. माल दारात घ्या, पुढचं तुमचं तुम्ही बघा. एकदा गिऱ्हाइकाची गाडी सिंदफणा नदीच्या उतारात कलंडली. तो ओरडत आला, "आबा, कापूस भिजला!"

म्हटलं, "उंबऱ्याच्या आत तर कोरडा हुता!"

सगळा बाजार हसला. तेव्हा मान माझा होता.

*

मग मुंबईचा दलाल आला आणि शिवलिंगप्पा 'एफोबी' शिकला. गाठी बंदरात बोटीवर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची, चढल्या की घेणाऱ्याची.

मी जळून विचारलं, "बोट पाह्यलीस का बे कधी?"

"न्हाई. पर तिनं बी कुठं मला पाह्यलंय!"

*

निजामाच्या जकात नाक्यावर त्याच्या गाड्या अडकल्या. घेणारा मुंबईत निवांत, हा गाठींवर झोपून. मला लई आनंद झाला! पण पठ्ठ्या तसाच जालन्याहून रेल्वेनं मुंबई गाठून समुद्र बघून आला. दुकानात ही गर्दी! सांगायचा एवढंच, "पानी खारटच हाय. म्या पिऊन पाह्यलं."

आमची मंडळी म्हणाली, "त्यांनी समुद्र पाह्यला. तुमी वडवणीच्या पुढं कवा जानार?"

*

सकाळीच दलालाला गाठलं. "एफोबीच्या वर काय हाय?"

"सीआयएफ. बोटीचं भाडं आणि विमासुद्धा तुम्हीच भरायचा. थेट विलायतेपर्यंत."

"लिवा!"

शिवलिंगप्पाला तोंडावर सांगितलं, "तू बोटीपर्यंत, म्या विलायतेपर्यंत!" त्याचा चेहरा पडला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

*

त्या हंगामात आम्हा दोघांचा माल वेगवेगळ्या बोटींनी गेला. एके दिवशी दलाल सांगत आला, "आबा, तुमची बोट बुडाली. माणसं वाचली, माल गेला."

घरात रडारड.

दलाल ओरडला, "अहो, ऐका तरी! भाडं, विमा तुमचा. पण माल बोटीवर चढला की धोका घेणाऱ्याचा. विमा त्याला मिळेल, तुमचे पैसे तुम्हाला."

तोवर बातमी फुटली होती. "आबाचा कापूस समुद्राच्या तळाला!" आष्टीपासून लोक मला बघायला आले. बसायला सतरंज्या पुरेनात. शेजारचं दुकान ओस.

संध्याकाळी शिवलिंगप्पानं दलालाला कोपऱ्यात ओढलं. मला सगळं ऐकू येत होतं.

"माझा माल नुसता पोचला. कुत्रं इचारीना! फुडच्या खेपेला मलाबी तीच बोट द्या!"