खालच्या पट्टीची माती

आमच्याकडं जमिनीला खारी म्हणणं म्हणजे घरातल्या आजाराची दवंडी पिटणं. ओढ्याकडच्या आमच्या पट्टीवर उन्हाळ्यात पांढरं फुटायचं, पण घरात ते कुणी बोलायचं नाही.

माती तपासून नकाशे करायचं काम माझ्याकडं होतं. शिवाराचे चौकोन पाडायचे, ठरावीक चौकोनांतली माती कराडला तपासायला द्यायची. उरलेल्यांचा अंदाज संगणक शेजारच्या मातीवरून बांधतो. नकाशात चांगली जमीन हिरवी दिसते, खारी तांबडी. मग ठिबकमधून कुठं किती खत, किती पाणी, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं.

आमच्या रानात आलो तर थोरले भाऊ बांधावर उभे. फौजेतून निवृत्त झालेले.

"खालची घेऊ नको रं. नकाशात तांबडं आलं की गावभर झालं."

"आवं आण्णा, यंत्राला खोटं कसं..."

"यंत्र काय सोयरीक करणार हाय व्हय आपल्याशी? भर वरची."

खालच्या पट्टीच्या पिशवीत मी वरच्या रानातली माती भरली. धाकटा म्हणून ऐकलं, असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं तर तांबडं मलाही नको होतं.

नकाशा हिरवागार आला. आम्हाला खरं ठाऊक होतं, त्या पट्टीत आण्णांनी मोबाइलचं ऐकलंच नाही. पण पट्टीला लागून चुलतवहिनींचं रान. चुलतभाऊ सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानापायी परमुलखात, शेती त्या एकट्या बघतात. त्यांची माती घेतलीच नव्हती. आमच्या मातीवरून त्यांचंही रान हिरवं झालं. पाण्याच्या निचऱ्यासाठी चर काढायचं त्यांच्या मनात होतं. नकाशा बघून तो बेत सोडला आणि ऊस लावला.

शेंडे करपले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "भावजी, मोबाइल म्हणतोय तसंच समदं करतीया. माझं काय चुकतंय?"

"बघतो," म्हणालो. त्या एका शब्दावर सगळा पावसाळा काढला.

ऊस तुटला, वजन जेमतेम भरलं. तुटल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेल्या खोडव्यालाही त्याच नकाशानं खत सोडायची त्यांची तयारी दिसली, तेव्हा मात्र जाऊन सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "म्हंजे वरीसभर मी तुमच्या वरच्या रानाचं खत माझ्या रानात घातलं?" हसल्या, आणि मधेच थांबल्या. "आता चर काढायचा तर तुमच्याच पट्टीतनं ओढ्याला जाणार. आण्णांना कोण सांगणार?"

"मी."

आण्णांनी ऐकून घेतलं आणि उठून आत गेले. चराला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खालची माती मी तपासायला दिली आहे. नकाशा तांबडा येईल. वहिनींचा गेलेला ऊस त्यानं परत यायचा नाही.