सुरू होताच उघडणारा कॉम्प्युटर

किल्लेदार हे त्यांचं आडनाव नव्हे. औषधांच्या कारखान्यात ते कोठार सांभाळत. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या पट्ट्याला इतकी वर्षं लटकत होता, की नव्या माणसांना दुसरं नाव माहीतच नव्हतं आणि जुन्यांनी खरं नाव सोडून दिलं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मालकाचा मुलगा जरी दारात येऊन उभा राहिला तरी सही केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता आणि मालकाचा मुलगा निमूटपणे सही करत असे.

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्यालाही हाच नियम लागू झाला. कारखान्यात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पासवर्ड बदलावा लागे. किल्लेदार घरचाही त्याच दिवशी बदलत. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असलंच पाहिजे. बायकोला ते नवा पासवर्ड चहाच्या वेळी हळू आवाजात सांगत. घरात तिसरं कोणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली. तरी आवाज हळूच.

बायको पूर्वी शिवणकामाचे वर्ग घ्यायची. तिला यात गंमत वाटे. “अहो, भिंतीला सांगू का, कान झाक म्हणून?” असं म्हणत ती पासवर्ड पाठ करून टाकी. दुपारी कॉम्प्युटर उघडून थोरल्या बहिणीशी बोले. बहीण, म्हणजे अक्का, लांबच्या गावी राहायची. अक्काची सकाळ स्वयंपाकात जाई आणि संध्याकाळ नातवंडांत. दुपार तेवढी तिची स्वतःची. दोघी मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. अक्का पेपर घेऊन बसे आणि वाचून दाखवी, धाकटी उत्तरं सुचवी. यात अर्धा वेळ कोड्याचा आणि अर्धा वेळ नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्यांचा.

मग बायकोचे डोळे बिघडले. बिघाड विचित्र होता. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग आणि कडेचं मात्र दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. ती घरात सवयीने वावरे, स्वयंपाकही करी. मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर मात्र तिला काही सापडेना.

किल्लेदारांच्या लक्षात आलं की दुपारचा कॉम्प्युटर बंद पडलाय. त्यांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, “अक्काला हल्ली वेळ नसतो.” त्यांनी मान डोलावली. माणसं म्हातारी होतात, बोलणी कमी होतात, हे त्यांना पटण्यासारखं होतं.

अक्काचा फोन एके दिवशी थेट कोठारात आला.

“भावोजी, एक विचारू? तुमच्या कोठारात मालाबरोबर माणसंही ठेवता का?”

“काय झालं, अक्का?”

“माझी बहीण कुठे ठेवलीय ते विचारतेय. दुपारी रिंग देऊन देऊन बोट झिजलं माझं.”

“ती तर म्हणते तुम्हाला वेळ नसतो.”

“मला?” अक्का म्हणाली. “तुमच्या त्या पासवर्डाचं दार उघडत नाही तिला. ती अक्षरं दाबते, पडद्यावर नुसते ठिपके येतात, तेही तिला दिसत नाहीत. दोनचार वेळा चुकलं की यंत्र म्हणतं, थांबा. पाठ होतोय तोवर तुमचा महिना बदलतो.”

“मला सांगायचं की मग.”

“काय सांगायचं? रोज दुपारी नोकरी सोडून कुलूप उघडायला या म्हणून?”

“तुम्ही फोन करत जा ना तिला.”

“करते. दोन मिनिटं बोलते आणि ‘ठेवते’ म्हणते. भावोजी, त्या मोठ्या पडद्यावर मान थोडी तिरकी केली की तिला माझं तोंड दिसतं अजून. मी हसले तर कळतं तिला. तेवढं दिसतंय तोवर बघू द्या. मी काही फार बघण्यासारखी नाही, पण तिला चालते.”

किल्लेदारांनी ‘बघतो’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ते बाटल्यांच्या खोक्यांवरच्या तारखा तपासत राहिले. त्या आधीच तपासून झाल्या होत्या.

पासवर्ड सोपा करावा, असं आधी त्यांच्या मनात आलं. पण सोपा झाला तरी तो टाकायची चौकट तिला दिसायला हवी. शेवटी ते कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात गेले. तिथल्या बाई त्यांना चांगल्या ओळखून होत्या. कोठारातून माउस घ्यायलाही बाईंना सही करावी लागे.

“घरचा कॉम्प्युटर सुरू केल्यावर पासवर्ड न विचारता उघडतो का हो?” किल्लेदारांनी विचारलं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुम्ही विचारताय हे?”

“मीच विचारतोय.”

“तब्येत बरी आहे ना?”

“बाई, होतं का ते सांगा.”

“होतं. सेटिंगमध्ये एक खूण असते, वापरणाऱ्याने पासवर्ड दिलाच पाहिजे अशी. ती काढायची. मग तो एकदा तुमचा पासवर्ड विचारून घेईल आणि पुढे स्वतःच स्वतःला देत जाईल. पण घरात कोणीही उघडू शकेल बरं का. आणि इथे कारखान्यात असलं काही करायचं नाही.”

“मला शिकवू नका,” किल्लेदार म्हणाले, आणि दोघंही हसले.

कुलूप काढायचं तर आधी आतला माल मोजला पाहिजे. रविवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरचा कानाकोपरा धुंडाळला. बँकेची आणि निवृत्तीची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेतली, मूळ पुसली आणि पेन ड्राइव्ह कपाटात बंद केला. मग उरलेला साठा पाहिला. मुलीच्या लग्नाचे फोटो, त्यात एकाच आचाऱ्याचे कितीतरी. पंख्याच्या दुरुस्तीबद्दलचं एक तक्रारपत्र. ब्लाउजच्या कापणीची चित्रं. चोराने चुकून नेलंच तर घरी जाऊन बोलणी खाईल, असा ऐवज. इतके महिने पहिल्या तारखेला आपण नेमकं कशाची राखण करत होतो, हा प्रश्न त्यांना पडला. त्याच्याशी फार वेळ न रेंगाळता त्यांनी ती खूण काढली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो काही न विचारता सरळ उघडला. किल्लेदारांना ते जरा उद्धटपणाचं वाटलं.

“झालं,” ते बायकोला म्हणाले. “बटण दाबायचं, बस. अक्काची रिंग आली की ही मोठी कळ.”

तिने शिवणाच्या डब्यातून कोटाचं एक बटण काढलं आणि बोटाला कळावं म्हणून त्या कळीवर चिकटवून टाकलं. “अक्काने सांगितलं वाटतं तुम्हाला,” एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर आजारी असल्यासारखा वागू लागला. संध्याकाळी किल्लेदारांनी सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येत: मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं, तपासणी चालू आहे. तपासणी संपता संपत नसे. किल्लेदारांनी आधी यंत्राला दोष दिला, मग वीज कंपनीला.

“आज वीज गेली होती का गं?”

“नाही.”

“मग हा मध्येच बंद कसा पडतो?”

“मी बंद करते ना.”

“कशी?”

“भिंतीवरचं बटण वर करते आणि परत खाली करते.”

“असं कोणी करतं का?”

“मग काय करू? सुरू करून ठेवते. अक्काची रिंग येईतो आत जाऊन भाजी चिरते. परत येते तर त्याला डुलकी लागलेली. जागा केला की तेच ते पासवर्डाचं दार. तुम्ही म्हणालात, सुरू करताना विचारत नाही. मग मी सुरूच करते पुन्हा.”

“आणि तो तपासत बसतो.”

“बसतो. तोवर अक्काची रिंग वाजून संपते. कधी सापडते, कधी नाही.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही एवढ्या हौसेने कुलूप काढलंत,” ती म्हणाली. “अर्धंच निघालं असं कुठे तोंडावर सांगू?”

चूक तिची नव्हती. पुढचं दार उघडलं आणि मधल्या दाराची कडी तशीच ठेवली, असं कोठारात एखाद्याने केलं असतं तर किल्लेदारांनी त्याची खरडपट्टी काढली असती. बाईंना त्यांनी फक्त सुरू करण्याबद्दल विचारलं होतं. बाईंनी तेवढंच सांगितलं. किल्लेदारांनी लगेच खुर्ची ओढली, जागं झाल्यावर पासवर्ड मागण्याची सेटिंग शोधली आणि बंद केली. मग कॉम्प्युटरला मुद्दाम झोपू दिलं, आणि बायकोच्या हाताने जागं करवलं. पडदा उजळला. तिने मान तिरकी केली.

“आला का तो आतला फोटो, डोंगराचा?”

“आला.”

“मग उघडलाय,” ती म्हणाली.

त्यानंतर दुपार पुन्हा दोघी बहिणींची झाली. अक्काची मोठी नात शिकायला बाहेरगावी गेली, तशी मग संध्याकाळही थोडी सैल झाली. किल्लेदार कामावरून येत तेव्हा खोलीत बोलणं चालूच असे. एका संध्याकाळी त्यांना निवृत्तीच्या अर्जाचं काम होतं. कपाटातून पेन ड्राइव्ह काढून ते खुर्चीमागे उभे राहिले.

“भावोजी, सरका जरा, तिच्या तोंडावर सावली पडते,” अक्का पडद्यातून म्हणाली. “आणि आलाच आहात तर सांगा. माल साठवायची जागा. तीन अक्षरी.”

“गोदाम,” किल्लेदार तत्काळ म्हणाले.

“पहिलं अक्षर व आहे.”

किल्लेदारांनी बराच विचार केला. आयुष्य मालातच गेलं होतं, पण शब्द काही आठवेना.

“वखार,” बायको म्हणाली. तिने मान वळवली नव्हती. पडद्याच्या कडेला अक्का हसत होती, तिकडे तिचं लक्ष होतं.

“अजून किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“निम्मं राहिलंय अजून,” अक्का म्हणाली. “तुमचं घाईचं आहे का?”

“नाही,” किल्लेदार म्हणाले. त्यांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला, दुसरी खुर्ची ओढून भिंतीशी ठेवली आणि आपला नंबर यायची वाट बघत बसले.