मयताचं पत्र

ऊस पिकवायला मॉरिशसला गेलेल्या आमच्या खापरपणजोबांची पत्रं मी तारीखवार लावत होते. त्यातलं एक काकूला वाचून दाखवलं. त्यांची धाकटी मुलगी द्वारका तापाने गेल्याचं त्यात होतं. काकूने ते माझ्या हातातून घेतलं, टराटरा फाडलं आणि केरात टाकलं.

“मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत गं,” म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मला शिसारी आली. दर पिढीत कुणीतरी असेच स्वच्छ हात धुतले असणार. म्हणूनच उरलेल्या पत्रांत नुसतं पीकपाणी आणि लग्नं. आमच्या घराण्यात जणू कुणी मेलंच नाही. द्वारकेचं नाव तर दुसरीकडे कुठेच नाही.

मी चहाच्या चोथ्यातून तुकडे वेचू लागले. काकूने नाक मुरडलं.

“आता आंघोळ केल्याशिवाय देवघरात जाऊ नकोस.”