खालचा डावा

माझे धाकटे दीर दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद करताना त्यांनी खुर्ची विकली, यंत्रं देऊन टाकली, पण कवळ्यांच्या डब्या घरी आणल्या. त्यांत ते जुनी नाणी ठेवतात. नाण्याला बोट लावत नाहीत. चिमट्याने कडेला धरतात, दिव्याखाली फिरवतात आणि "हं" म्हणतात. ते "हं" ऐकलं की माझी दाढ अजून ठणकते.

नाणी जड, म्हणून ती कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत. वरच्या, हाताशी येणाऱ्या फळीवर भाऊजींचे शर्ट. राहता राहिली माझी जाऊ, तर तिचे कपडे माळ्यावर. एके दिवशी ती स्टुलावरून पडली आणि पाय मुरगळून बसली. पलंगावरूनच तिने निकाल दिला.

"रविवारी तुमचा नाण्यांचा बाजार आहे ना? कप्पे रिकामे करून या. मी आता माळ्यावर चढणार नाही."

"अगं, न चालणारी नाणी एका दिवसात कोण घेणार?"

"न चालणारा दवाखाना इतकी वर्षं चालवलात की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही बाजारात यांच्याजवळ बसा. एकट्याच्या हातून हे होणार नाही."

कप्पे मीच उपसले आणि डब्या पिशवीत भरल्या.

बाजार एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पहिल्याच गिऱ्हाइकाने चांदीचं नाणं उचललं. भाऊजींनी भिंग काढलं.

"कड झिजलीय. आणि इथे मागे बारीक खड्डा आहे. आज जाणवत नाही, पण वाढेल."

"मग नको घेऊ?"

"मी नसतं घेतलं."

त्याने मनापासून आभार मानले आणि शेजारच्या टेबलावर खरेदी केली. ही बातमी हॉलभर गेली असावी. थोड्याच वेळात आमच्यापुढे रांग लागली, सगळे आपापली नाणी तपासून घ्यायला आलेले.

"भाऊजी, हा दवाखाना नाही," मी म्हटलं.

"वहिनी, किडलेलं दिसत असताना गप्प कसं बसू?"

शेवटी मी त्यांना चहा आणायला पिटाळलं आणि खुर्ची घेतली. एक जाडजूड बाई आल्या. नवऱ्याच्या वाढदिवसासाठी त्यांना काहीतरी जुनं पण चांगल्या स्थितीतलं हवं होतं. मी 'खालचा डावा' अशी चिठ्ठी असलेली डबी निवडली. चांगला माल खालच्या डाव्या कप्प्यात असतो, एवढं मला ठाऊक होतं. मोठ्या रुबाबात झाकण उघडलं.

आत गुलाबी हिरडीवर तीन दात.

बाईंनी वाकून पाहिलं. "यांचा पूर्ण संच मिळेल का?"

तेवढ्यात भाऊजी चहा घेऊन आले. "अहो वहिनी, हा डावा कप्प्याचा नव्हे, जबड्याचा. एका पोस्टमनने करून घेतला होता. न्यायला आलाच नाही."

"मग टाकून द्यायचा ना."

"आणि आला तर?"

बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी एक तांब्याचं नाणं उचललं. भाऊजींनी भिंगाला हात घातला, तसा मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. नाणं विकलं गेलं. दिवसभरात तेवढंच.

आवराआवर करताना भाऊजी दिसेनात. आले ते एक थैली घेऊन. "शेजारच्या टेबलावरची नाणी. इतकी सुंदर, पण कुणी विचारेना."

घरी जाऊने थैलीकडे पाहिलं, मग माळ्याकडे, आणि मुरगळलेला पाय उचलून उशीवर ठेवला. भाऊजींनी थैली खाली ठेवली, फळीवरचे सगळे शर्ट काढून पलंगावर टाकले आणि स्टुलावर चढले. बायकोचे कपडे एकेक करून खाली दिले, शर्ट माळ्यावर कोंबले. फळीवर तिचे कपडे त्यांनी स्वतः घड्या घालून लावले. घड्या वाकड्याच होत्या. तिने त्या मोडल्या नाहीत.

आता तिचा पाय बरा आहे. रोज सकाळी भाऊजी शर्टासाठी स्टुलावर चढतात आणि ती खालून स्टूल धरून उभी असते.

"जपून. पडलात तर दात पडतील."

"पडू देत," ते वरून म्हणतात. "खालचा डावा तयार आहे."