शेंगदाण्याच्या पेंडीचं औषध

समस्त रक्तदाबग्रस्त मानवजातीस कळविण्यात येते की तिच्या व्याधीवरचा रामबाण उपाय ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, गळक्या बेसिनच्या डाव्या हाताला, सापडला होता. तो पंधरा दिवस टिकला. संशोधक मी. मानवजातीच्या वतीने औषध घेतलं माझ्या मामांनी.

मामा चाळीसगावजवळच्या एका खेड्यातले. बैल पारखावा तर त्यांनी. बाजारात ते बैलाभोवती एक फेरी मारत आणि वय, खोड, मालकाचा खोटेपणा, सगळं सांगून मोकळे होत. तोंड उघडून दात बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. साठीनंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी फेरी तीच राहिली. मग एकदा शेजाऱ्याला तरणा म्हणून घेऊन दिलेला बैल चांगलाच म्हातारा निघाला. त्यानंतर बाजाराच्या दिवशी लोक ओट्यापुढून जाताना रामराम करत, पण थांबत नसत.

मामांना पोळ्याच्या आत डोळे हवे होते. धुळ्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण एवढ्या ब्लडप्रेशरमध्ये डोळ्याला सुरी लावणार नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं.

मामीने मिठाची बरणी पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. स्वतःही अळणी खायला लागली, म्हणजे मामांना तक्रारीला जागाच राहिली नाही. अळणी भरीत खाताना मामांचा चेहरा पाहवत नसे. ते लग्नात पंगतीला बसले की मामी बायकांची पंगत सोडून त्यांच्या पापडावर नजर ठेवायला येई.

अशा वेळी कॉलेजच्या वाचनालयात एका विज्ञानविषयक मासिकातला लेख माझ्या हाती लागला. प्रथिनं म्हणजे लांबलचक माळा. एन्झाइमने त्यांचे बेताचे तुकडे केले, तर त्यांतले काही तुकडे शरीरात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या यंत्रणेला आडवे येऊ शकतात आणि दाब उतरू शकतो. वनस्पतींच्या प्रथिनांतही असे तुकडे मिळण्याची शक्यता होती. लेखकाने ‘शक्यता’ हा शब्द बऱ्याचदा वापरला होता. मी तो दर वेळी ओलांडून पुढे गेलो.

प्रथिन शोधायला लांब जायला नको होतं, तेलघाण्यावर शेंगदाण्याची पेंड ढिगाने पडलेली असे. अडचण एन्झाइमची. ते मुंबईहून मागवावं लागे, मागणीपत्रावर विभागप्रमुखांची सही लागे, आणि ते सहीच्या आधी कारण विचारत. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. आम्लानेही प्रथिनं तुटतात हे मी विद्यार्थ्यांना शिकवतच होतो. माळ कात्रीने कापली काय नि कुऱ्हाडीने तोडली काय, तुकडे ते तुकडे, असा मी विचार केला. कुऱ्हाडीने तुकडे राहत नाहीत, भुसा होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पेंड आम्लात दोन दिवस उकळली. मग आम्ल मारायला त्यात कॉस्टिक सोडा घातला, लिटमस ना लाल ना निळा होईपर्यंत. गाळलं. खाली काळपट तपकिरी रस आला आणि प्रयोगशाळेत काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा वास सुटला. शिपाई दोनदा डोकावून गेला.

बाटल्या घेऊन मी पॅसेंजरने चाळीसगावला गेलो. औषध कशापासून केलंय ते मामीला सांगितलं. ती म्हणाली, “पेंड बैलले देतस, बापा, माणूसले नही.”

मामांनी मात्र एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि चमचा चाटून साफ केला. मग औषधाची वेळ कोणती, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तीनदा, जेवणानंतर. त्यांनी जेवणासोबत सुरू केलं. आठवड्यात ते भाकरी कुस्करून त्यावर ओतायला लागले. बाटल्या संपल्याचा निरोप दुसऱ्या आठवड्यातच आला. इतका आज्ञाधारक रोगी कुठल्या संशोधकाला मिळाला असेल? मी पुन्हा पेंड आणली.

पंधराव्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. दाब पहिल्यापेक्षा वर गेला होता. मीठ खाता का, त्यांनी मामांना विचारलं. मामीने किल्ली काढून टेबलावरच ठेवली. मग आणखी काय घेता, असं विचारल्यावर तिने पिशवीतून बाटली काढली. झाकणाभोवती पांढरी खपली जमली होती. तिने ती बोटाने खरवडली, जिभेला लावली, आणि बाटली डॉक्टरांकडे सरकवली.

डॉक्टरांनी मला कृती विचारली. मी अभिमानाने सांगत गेलो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा एकत्र केल्यावर काय तयार होतं, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. मी ‘मीठ आणि पाणी’ म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझी एम.एस्सी. गळून पडली. मामा खिडकीबाहेर पाहत होते, जिथलं त्यांना काहीही दिसत नव्हतं.

त्यांना पहिल्याच चमच्याला कळलं होतं. डोळे हवे होते, पण भाकरीला चवही हवी होती, आणि पंधरा दिवस दोन्ही मिळेल असं शिकलेला भाचा सांगत होता.

औषध बंद झालं. गोळ्या आणि अळणी जेवण यांनी दाब मुकाट्याने उतरवला, आणि पोळ्याच्या पंधरवडाभर आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या तुकड्यांवर पुढे बरंच काम झालं म्हणतात. करणारे एन्झाइम वापरतात.

हिरवी पट्टी सोडली त्या दिवशी मीही उभा होतो. डॉक्टरांनी बोटं धरली, मामांनी बरोबर मोजली. मामीने डोळ्यांना पदर लावला. मग मामांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, बाजारात निरखत तसं, आणि मामीदेखत बोलून गेले, “भाचा, ते औषध उरेल शे का रे थोडं?”