भाऊसाहेबांच्या सभेत मिळालेली सहा मिनिटे

नाशिकरोडला गाडीत बसलो तेव्हा पिशवीत दोन धोतरे, एक तांब्या आणि बारा वर्षे जपलेला राग, एवढेच सामान होते. अमरावतीत भाऊसाहेबांची श्रद्धांजली सभा होती. भाऊसाहेब म्हणजे तिथले जुने सत्याग्रही, तुरुंगात जाऊन आलेले, पुढे फळबाजाराच्या समितीचे अध्यक्ष. सगळे वऱ्हाड त्यांचे गुण गाणार होते. मला व्यासपीठावरून एवढेच सांगायचे होते की, या थोर माणसाने भर बाजारात माझी अब्रू घेतली आणि माझी काडीची चूक नव्हती. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण असताना त्यांनी ऐकून घेतले नाही, त्याला मी काय करू?

अकोल्याला उतरलो. फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. नवे पैसे येऊन काही वर्षे झाली, तरी टांगेवाला आण्यांतच बोलत होता. तो म्हणाला आठ आणे, मी म्हणालो तीन.

"चालले कुठं जी?"

"मोटारस्टँडला. तिथून अमरावती, भाऊसाहेबांच्या सभेला."

"मंग भाव काहून करून राहिले? बसा. पैसे नोको मले."

मी चिडून बसलो. फुकट देणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही.

स्टँडवर आलुबोंडा आणि लाल रस्सा घेतला. "सांभार (आपली कोथिंबीर) टाकू का?" असे विचारल्यावर "वेगळे पैसे नसतील तर टाक" म्हणालो. रश्श्याने डोळ्यांत पाणी आणले. शेजारचा गृहस्थ हळहळला, "लई जीव होता वाटते तुमचा भाऊसाहेबावर!" तोंड इतके पोळले होते की नाही म्हणता आले नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मोटारीचे चाक बसले. दोन्ही बाजूंना काळीभोर माती, तीत वेचणी झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उभी. चाक बदलेपर्यंत तीच माती माझ्या पांढऱ्या धोतरावर चढली. अमरावतीत पोहोचलो तो कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा.

शाळेच्या पटांगणात मांडव भरला होता. सभेचे चिटणीस गावंडे मास्तर ध्वनिक्षेपकापाशी वक्त्यांची यादी करत होते.

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

"पंधरा."

आणि हाताने घात केला. आम्हा व्यापाऱ्यांचा पूर्वीचा सौदा रुमालाखाली चाले. वरून कापड टाकायचे, खाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगायचा, बाजाराला कळू द्यायचे नाही. जुन्या सवयीने मी मास्तरांच्या हातावर उपरणे टाकून बोटे चाचपू लागलो. विंचू चावल्यासारखा त्यांनी हात ओढला.

"अहो शेठ! ज्यायनं रुमाल बंद केला, त्यायच्याच सभेत रुमाल?"

ध्वनिक्षेपक चालू होता. सगळा मांडव हसला. पुढचा भाव उघड्यावर करावा लागला. लोकच ओरडत होते, "द्या न मास्तर, नाशकाहून आले बिचारे!" सहा मिनिटांवर सौदा ठरला.

मी उभा राहिलो आणि सांगून टाकले. याच गावच्या बाजारात वरूडच्या श्यामरावांच्या संत्र्यांचा सौदा मी करत होतो. रुमालाखाली त्यांनी अख्खा पंजा माझ्या हातात दिला. मला त्यात तीनच बोटे लागली. तीन तर तीन, मी म्हणालो, शेकड्याला तीन रुपये, सौदा पक्का. तेवढ्यात भाऊसाहेबांनी रुमाल उचलून श्यामरावांचा हात साऱ्या बाजाराला दाखवला. दोन बोटे सरकी काढायच्या जिनिंगच्या यंत्रात गेलेली! पंजा म्हणजे पाच, असे त्यांना म्हणायचे होते. त्या दिवसापासून तिथला रुमाल बंद झाला आणि मी 'तीनबोट्या शेठ' झालो.

"मला सांगा," मी गरजलो, "कापडाखालचे मला दिसणार कसे?"

मागच्या रांगेतला म्हातारा उठला. हात वर केला. तीन बोटे.

"राम राम शेठ. दिसलं नसंन, कबूल. पण तुमी माही बोटं एकदा मोजली, थांबले, अन् पुन्हा मोजली. दुसऱ्यांदा काहून मोजली?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. बारा वर्षांत मी हा किस्सा शंभर जणांना सांगितला असेल, पण ती दुसरी मोजणी कधी सांगितली नव्हती.

"दोन बोटे तुटकीच आहेत ना, याची खात्री करायला," मी म्हणालो.

"झाली होती?"

"झाली होती."

मास्तरांनी घड्याळ पाहिले. "चार मिनिटं बाकी हायेत तुमची."

"परत घ्या," म्हणालो आणि खाली उतरलो. श्यामराव सरकले आणि सतरंजीवर त्यांनी मला जागा दिली.

परतीच्या गाडीत चाळीसगावपर्यंत मी भाऊसाहेबांशी मनात भांडत होतो. भर बाजारात दाखवायला नको होते, हे माझे म्हणणे आजही आहे. हळूच कानात सांगता आले असते. पण स्वतःला ओळखून आहे म्हणून लिहितो: कानात सांगितले असते, तर मी भाऊसाहेबांनाच पाचावरून चारवर आणायला निघालो असतो.